ब्लोअरवरचं कुलूप

१

पीयूष प्रसादाचा द्रोण घेऊन भट्टीच्या मागे गेला तेव्हा ज्ञानदीप इंगळे हीटरच्या डब्यासमोर गुडघ्यांवर बसलेला होता. डोकं पत्र्याला टेकलेलं, उजवा हात डब्यात. पीयूषला वाटलं, ज्ञानदीप भिया वाकून काहीतरी बघतोय. त्यानं हाक मारली. उत्तर आलं नाही म्हणून जवळ गेला, आणि त्याच्या हातातून द्रोण पडला.

पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतला शितोळ्यांचा कारखाना पंपांच्या मोटारी बनवतो. तांब्याच्या तारांची वाइंडिंग झाली की मोटार वार्निशमध्ये बुडवतात आणि भट्टीत भाजतात. भट्टीला दोन जोडण्या असतात. एक हीटरची आणि एक गरम हवा फिरवणाऱ्या ब्लोअरची. दोन्हींचे मेन स्विच भट्टीपाशी नाहीत. ते हॉलमध्ये, पत्र्याच्या भिंतीच्या अलीकडे, बाकीच्या मशिनींच्या स्विचांबरोबर एका ओळीत आहेत. स्विचाचं हँडल वर केलं की वीज चालू, खाली केलं की बंद. हॉलमधून भट्टीची मागची बाजू दिसत नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. हॉलमध्ये हत्यारांची पूजा चालू असताना ज्ञानदीप भट्टीमागे हीटर दुरुस्त करत होता.

कारखान्यात प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलेलं होतं. कोणीही मशिनीत हात घालण्याआधी तिचं हँडल खाली करायचं, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे आतला माणूस बाहेर येईपर्यंत दुसऱ्या कोणाला वीज सोडता येत नाही.

ज्ञानदीपच्या खिशात टेस्टर आणि किल्ली सापडली. त्याचं कुलूप भिंतीवर सापडलं, नीट बंद केलेलं. पण ते हीटरच्या स्विचावर नव्हतं. शेजारच्या, ब्लोअरच्या स्विचावर होतं.

विजेच्या धक्क्यानं मृत्यू, असा पोलिसांनी पंचनामा केला, हॉलला सील लावलं. कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य झालं, ज्ञानदीपनं चुकीच्या स्विचाला कुलूप लावलं.

२

विद्युत सुरक्षा निरीक्षक अंबिका मुळ्ये दसऱ्यानंतर आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. फाटकाशी त्यांना ज्ञानदीपची बायको मानसी भेटली. ती महूला शाळेत शिकवते. तिथून सकाळच्या बसनं आली होती आणि वॉचमननं तिला बसायला खुर्ची दिली तरी उभीच होती.

"मॅडम, तुम्ही अहवाल लिहिणार ना?" तिनं विचारलं. "त्यात काय येणार?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"इथले लोक सांगतात, त्याचीच चूक. मला त्याच्या अंत्यविधीलाही सांगितलं. एक जण तर म्हणाला, भाभीजी, होता है, माणूस घाईत असतो." मानसी थांबली. "तो घरी बल्ब बदलताना मेन बंद करायचा, मॅडम. सासरे त्याला हसायचे. बाबा फौजेत होते, ते म्हणायचे, अरे, आम्ही गोळीबारात गेलो आणि तू बल्बला घाबरतो. आता तेच बाबा मला विचारतात, सूनबाई, खरंच त्याची चूक होती का? त्यांना मी काय सांगू?"

"मला जे दिसेल ते लिहीन," अंबिका म्हणाल्या.

"तेवढंच पाहिजे. चूक असेल तर असेल. पण नसेल, तर त्याच्या नावावर नको."

आत सुपरवायझर मारुतीराव सोनवणे वाट पाहत होते. मल्हारगंजात राहणारे, साठीला आलेले. मालक नरेंद्र शितोळ्यांच्या उमेदीच्या काळापासून ते इथे होते. अर्धांगवायूनं नरेंद्र घरी बसले आणि त्यांची मुलगी उर्वी कारखाना पाहू लागली, तेव्हापासून घर आणि कारखाना यांच्यातला दुवा मारुतीरावच. सील काढल्यावर तेच अंबिकांना स्विचांच्या भिंतीपाशी घेऊन गेले.

"हा हीटरचा. हा ब्लोअरचा," त्यांनी दाखवलं. "पीयूष ओरडला तसा मी इथे धावत आलो. पाहतो तर हीटरचं हँडल वर. मीच खाली पाडलं. आणि याच्यावर बघा, ब्लोअरवर, त्याचं कुलूप. बिचाऱ्यानं शेजारचा स्विच बंद केला आणि चालू हीटरमध्ये हात घातला."

"तो इथे बरीच वर्षं होता ना?"

"पुष्कळ. म्हणून तर वाईट वाटतं."

"स्विचांवर नावं लिहिलेली नाहीत."

"गरज नाही पडत मॅडम. आम्हाला झोपेतही माहीत आहेत."

अंबिकांनी हँडलं एकेक करून पाहिली. वर्षानुवर्षांच्या ग्रीसच्या हातांनी सगळी काळी पडली होती आणि प्रत्येकावर कुंकवाचा एक ठसठशीत टिळा होता. ब्लोअरच्या हँडलवरही होता. लाल कुलूप त्या टिळ्याच्या वरून लोंबत होतं.

हीटरचं हँडल मात्र स्वच्छ होतं. त्याच्यावर टिळा नव्हता, आणि ग्रीसही नव्हतं. अंबिकांनी नाक जवळ नेलं. थिनरचा वास आला.

हीटरच्या स्विचाखाली एक प्लास्टिकचं स्टूल होतं. भिंतीकडे पाठ करून, हॉलकडे तोंड करून बसावं, असं ठेवलेलं.

"इथे कोण बसतं?"

"कोणी नाही," मारुतीराव म्हणाले. "पडलं असेल कुणाचं तरी."

३

पूजा जशीच्या तशी होती, कारण सील लागल्यामुळे उत्तरपूजा करायला कोणी आत आलंच नव्हतं. लाल कापडावर पकडी, पाने, टेस्टर, हातोड्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक वस्तूवर झेंडूचं एक फूल, आता वाळून तपकिरी झालेलं. मांडणी कौसल्याबाईंची होती. त्या वाइंडिंगला बसतात आणि दर वर्षी ही पूजा त्याच मांडतात. मशिनींशी त्यांचा संबंध तारेच्या रिळापुरता.

"किती नीट मांडलंय," अंबिका म्हणाल्या.

"माझ्या सासूबाई मिलमध्ये मांडायच्या. त्यांचं पाहून," कौसल्याबाई म्हणाल्या. त्या सारख्या पदराशी चाळा करत होत्या. "एकदा हत्यार पूजेत ठेवलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. कोणी उचलत नाही इथे."

"ज्ञानदीपची हत्यारं कुठली?"

"त्याची नाहीत. तो पूजेला नसायचा ना. त्यांचा धम्म वेगळा. दसऱ्याला तर त्यांचा मोठा दिवस असतो, तिकडे महूला." त्यांनी डोळे पुसले. "पूजेच्या वेळी मशिनी बंद असतात आणि तो रिकामा असतो, म्हणून मारुतीराव दुरुस्तीची कामं त्यालाच सांगायचे. दर वर्षी हेच. आम्ही आरती करायचो, तो कुठल्यातरी मशिनीत डोकं घालून बसलेला."

"त्या दिवशी सगळे जण आरतीला होते?"

"सगळे. मारुतीरावच येईनात. मीच दोनदा हाका मारल्या, म्हटलं, अहो, आरतीचं ताट तुमच्याशिवाय कोण धरणार? तेव्हा आले."

"कुठे होते ते?"

"तिकडेच. भिंतीपाशी."

अंबिका वाकून पूजा पाहू लागल्या. शेवटच्या ओळीत, एका टेस्टरच्या आणि एका पान्याच्या मध्ये, वस्तूच नव्हती. तिथे एक सुपारी ठेवलेली होती. सुपारीवर अक्षता होत्या आणि एक फूलही होतं. सुपारीच्या भोवती कापडावर हळदीची एक पुसट चौकोनी कड उरली होती. सुपारी एवढी मोठी नसते.

"ही कशाची?" त्यांनी विचारलं.

कौसल्याबाईंनी पाहिलं आणि नजर वळवली. "गणपतीची असेल."

गणपतीची सुपारी वरच्या ओळीत, तांदळाच्या राशीवर, स्वतंत्र होती.

पीयूष बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. हा कारखान्यातला दुसरा इलेक्ट्रिशियन. वयानं लहान, जिभेनं मोकळा.

"मॅडम, अपन तर झांज वाजवत होतो," तो म्हणाला. "पूछ लो किसीको भी. आरती झाली, मग उर्वीदीदीनं मुहूर्त केला. मतलब, दर साल मालक करतात ना, प्रत्येक स्विचला टिळा लावायचा, हँडल वर करायचं, मशीन जरा चालवायची, मग खाली. वर्षभर चांगली चालतात म्हणे. या साल पहिल्यांदा दीदीच्या हातानं. ब्लोअर चालू झाला तेव्हा तर मजाच! हॉलकडची जाळी उघडी होती, इतकी हवा आली की पूजेची फुलं उडाली, मारुतीकाकांची टोपी उडाली. सगळे हसले." त्यानं हातातल्या चहाच्या ग्लासात पाहिलं. "हसलो आम्ही, मॅडम."

"ज्ञानदीपशी तुझं पटायचं?"

"भांडण असं नाही. ते कुलूप-कुलूप करायचे, मी चिडवायचो. म्हणायचो, भिया, तुम्ही चप्पलला पण कुलूप लावून जाता का?"

"तुझं लाल कुलूप कुठे आहे?"

पीयूषनं ग्लास खाली ठेवला. कटिंग अर्धी राहिली होती.

"गाडीला," तो म्हणाला. "चांगलं मजबूत आहे ना. म्हणून."

४

उर्वी शितोळे वडिलांच्या केबिनमध्ये बसत नसे. बाहेरच्या टेबलावर बसे. वय पंचविशीच्या आसपास. लाल कुलुपं तिनंच आणली होती. पुण्याला शिकताना एका कारखान्यात पाहिली आणि इथे आल्याबरोबर पहिलं काम ते केलं.

"निरीक्षक लवकर पाठवा असा अर्ज तुम्ही स्वतः केला," अंबिका म्हणाल्या. "बहुतेक मालक उलट करतात."

"कोणीतरी नीट पाहायला हवं होतं."

"तुम्ही मुहूर्त केलात. कोणकोणत्या स्विचांचा?"

"सगळ्यांचा." मग ती म्हणाली, "म्हणजे, जिथे लाल कुलूप असेल तो सोडून. मीच नियम केलाय, कुलूप दिसलं की पुढे जायचं. तिथे माणूस असतो."

"त्या दिवशी कुठे दिसलं?"

उर्वीनं टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. "मला नक्की आठवत नाही."

एवढं बोलून ती अंबिकांकडे पाहत राहिली. त्या नजरेत प्रश्न चुकवल्याची सुटका नव्हती. पुढचा प्रश्न का येत नाही, असं ती विचारत असावी, असं अंबिकांना वाटलं.

"सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा," त्या म्हणाल्या.

५

चौघं पूजेच्या कापडाभोवती उभी राहिली. बसा म्हटलं तरी कोणी बसलं नाही.

"कुलपापासून सुरुवात करू," अंबिका म्हणाल्या. "ज्ञानदीपनं काम सुरू करताना कुलूप ब्लोअरला लावलं, असं मला सांगितलं गेलं. पण मुहूर्ताच्या वेळी ब्लोअर चालला. फुलं उडाली, टोपी उडाली, तुम्ही हसलात. कुलूप लावलेला स्विच चालू होत नाही. शिवाय ब्लोअरच्या हँडलवर टिळा आहे आणि तो कुलपाच्या खाली आहे. म्हणजे टिळा आधी लागला, कुलूप नंतर. आरती आणि मुहूर्त संपल्यावर."

पीयूषनं "अरे" असं काहीतरी म्हटलं.

"हे कुलूप दाबलं की बंद होतं. किल्ली लागते ती उघडायला. त्यामुळे किल्ली ज्ञानदीपच्या खिशात असली तरी कुलूप कोणीही लावू शकतं. त्यानं ते लावलं नाही. प्रश्न असा की कोणी लावलं."

अंबिकांनी भिंतीकडे बोट केलं.

"आता हीटरचं हँडल. ओळीतल्या सगळ्या हँडलांवर ग्रीस आहे, टिळा आहे. या एकाच हँडलवर दोन्ही नाही. थिनरनं पुसलंय. पुसणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती, हीटरचा स्विच कोणता. आणि कुलूप लावणाऱ्याला नेमकी तीच गोष्ट माहीत नव्हती. त्याला किंवा तिला भट्टीचा स्विच बंद दाखवायचा होता, पण हात शेजारी पडला. स्विचांवर नावं नाहीत. म्हणजे ही दोन वेगळी माणसं आहेत."

त्या कौसल्याबाईंकडे वळल्या. आवाज बदलला नाही.

"चोरी लपवणारा माणूस पूजेतून वस्तू उचलतो आणि पळतो. इथे ज्यानं कुलूप उचललं, त्यानं त्या धावपळीतसुद्धा त्याच्या जागी सुपारी ठेवली, अक्षता टाकल्या, फूल वाहिलं. पूजेतली जागा रिकामी राहू नये म्हणून. कापडावर कुलपाच्या आकाराची हळदीची कड अजून आहे. ही पूजा जिची आहे, तिनंच हे केलं असणार. आणि तिला स्विच ओळखता येत नाहीत."

कौसल्याबाई खाली बसल्या.

"सगळ्यांची हत्यारं पूजेत असायची," त्या म्हणाल्या. "एकट्या त्याचंच काही नाही. माझ्या डब्यातलं खायचा तो, मला ताई म्हणायचा. मला ते बरं वाटायचं नाही. पक्कड मागितली असती तर दिली नसती. कुलूप खुंटीला उघडं लटकलेलं होतं. मी म्हटलं, हे तर जीव वाचवणारं, याची पूजा व्हायला पाहिजे. म्हणून घेतलं. हळदकुंकू वाहिलं." त्यांनी कापडावरच्या सुपारीकडे बोट केलं. "तो कुलूप शोधत आला. पाहिलं आणि हसला. म्हणाला, ताई, याला पण नमस्कार? मी म्हटलं, आता उद्यापर्यंत हलवायचं नाही हं. तो म्हणाला, ठीक आहे, राहू दे. एवढंच. त्यानं ओढून घेतलं असतं तर मी काय करणार होते? पण माझं मन मोडायला नको म्हणून…"

"आणि नंतर?"

"पीयूष ओरडला. सगळे मागे धावले. मला एकच दिसलं, की आता लोक म्हणतील, कुलूप न लावता बसला. त्याचं नाव खराब होईल. म्हणून मी…" त्यांनी तोंडावर पदर घेतला. "मी लावलं, आणि त्याच्यामुळेच सगळे म्हणाले, त्याची चूक."

पीयूष भिंतीकडे तोंड करून उभा होता. तसाच बोलला.

"माझ्याकडे पण आले होते. कुलूप मागायला. मी म्हटलं, भिया, ते गाडीला आहे, पार्किंगमध्ये कोण जाणार आता, आरती होऊन जाऊ दे. चप्पलवाला जोक पण मारला." त्यानं भिंतीवर तळवा टेकवला. "ते म्हणाले, रहने दे, मी करतो काहीतरी."

"हो," अंबिका म्हणाल्या. "त्यानं काहीतरी केलंच. त्याच्या खिशात टेस्टर होता. हँडल खाली करून, टेस्टरनं तपासून त्यानं काम सुरू केलं, यात मला शंका नाही. पण हा घरी बल्ब बदलताना मेन बंद करणारा माणूस. नुसत्या खाली केलेल्या हँडलवर तो विसंबणार नाही. कौसल्याबाईंनी कुलपाच्या जागी सुपारी ठेवली. ज्ञानदीपनं कुलपाच्या जागी काय ठेवलं?"

त्या स्टुलाकडे पाहत होत्या. सगळे तिकडे पाहू लागले.

"एक माणूस," त्या म्हणाल्या. "हँडलकडे पाठ करून, हॉलकडे तोंड करून बसलेला. कोणी जवळ आलं तर थांबवायला. आणि आरतीला दोनदा हाक मारून भिंतीपासून उठवावं लागलं, असा इथे एकच माणूस होता."

मारुतीरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मला म्हणाला, काका, कुलूप पूजेत आहे, तुम्ही बसता का? मी येईपर्यंत उठू नका," ते म्हणाले. "मी म्हटलं, बस रे, तू जा. बसलोच होतो. कौसल्याबाईंनी एकदा हाक मारली, मी हात हलवला. दुसऱ्यांदा मारली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दर वर्षी ताट मी धरतो, मॅडम. नरेंद्रभाऊ असताना त्यांच्या उजव्या हाताला मी उभा राहायचो. वाटलं, दोन मिनिटांचं काम. आरती करायची आणि परत येऊन बसायचं."

"आणि आरती लांबली."

"आरती नाही लांबली." त्यांचा आवाज खाली गेला. "आरतीनंतर सगळे बोलत राहिले. मी विसरलो."

अंबिका हीटरच्या हँडलपाशी गेल्या.

"म्हणजे हँडल वर होतं हे खोटं," अंबिका म्हणाल्या. "तुम्ही धावत आलात तेव्हा ते खालीच होतं. मुहूर्ताला वर झालं, खाली झालं. हीटरला आवाज नसतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. ब्लोअर मात्र त्याच्यानंतर गरजला. हँडलवर फक्त एक ताजा टिळा होता, आणि तो तुम्ही पुसलात."

"मी पुसला. ब्लोअरवर कुलूप दिसलं, आणि देवानंच वाट दिली असं वाटलं. ज्ञानदीप तर गेला होता. गेलेल्याला काय फरक पडतो, असं वाटलं." ते उर्वीकडे न पाहता बोलत होते. "ती एवढीशी होती तेव्हापासून बघतोय मी. तिच्या हातचा पहिला मुहूर्त. तिला जन्मभर हे कळायला नको होतं."

"काका," उर्वी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "टिळा मी लावला होता. माझ्याच बोटानं. तुम्ही हँडल पुसलंत. मला कसं कळणार नव्हतं?"

मारुतीरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"कुठेच कुलूप दिसलं नाही," ती अंबिकांना म्हणाली. "म्हणून मला वाटलं, त्यांचं काम आटोपलं. हाक मारून विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मग त्यांना बाहेर आणलं, आणि नंतर मी भिंतीकडे पाहिलं तर ब्लोअरवर कुलूप होतं आणि एक हँडल चकचकीत. सगळे म्हणत होते, त्याची चूक. मी हो म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. अर्ज केला आणि वाट पाहिली, कोणीतरी बाहेरचं येऊन सांगेल."

"तुम्ही स्वतः सांगू शकला असता."

"हो," उर्वी म्हणाली. "शकले असते."

६

अंबिका मुळ्येंनी अहवालात लिहिलं की मृत कामगारानं वीज बंद करून, तपासून आणि राखणीला माणूस बसवून काम सुरू केलं होतं. काम चालू असताना मुहूर्तासाठी स्विच चालू करण्यात आला. मृताकडून चूक झाल्याचं आढळलं नाही. स्विचांवर नावं नसणं, जादा कुलूप नसणं, आणि पूजेच्या वेळी एकाच माणसाला दुरुस्तीला लावण्याची प्रथा, या गोष्टी त्यांनी व्यवस्थापनाच्या दोषांखाली नोंदवल्या. पुरावा पुसल्याबद्दल आणि खोटी माहिती दिल्याबद्दल मारुतीराव सोनवणे यांचं नाव पोलिसांना कळवलं. त्यांनी एकही वाक्य सौम्य केलं नाही आणि एकही वाढवलं नाही.

"अहवालाची प्रत घरच्यांना टपालानं जाते," त्या उर्वीला म्हणाल्या.

"टपालाच्या आधी मी जाते," उर्वी म्हणाली.

महूला इंगळ्यांच्या गल्लीत गाडी जात नव्हती. उर्वी चालत गेली. दारं एकमेकांना चिकटलेली, दुपारची वेळ, बायका ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या. मानसीनं दार उघडलं आणि तिला ओळखलं. उर्वीनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. कुलूप, पूजा, स्टूल, टिळा. कोणाचंही नाव गाळलं नाही. स्वतःचं नाव शेवटी घेतलं.

मानसीनं पूर्ण ऐकलं. एकदा तिचा हात चौकटीवर गेला, तेवढंच.

"त्याला माहीत होतं? कुलूप नाही म्हणून?"

"हो. म्हणून मारुतीकाकांना बसवलं होतं."

"आणि त्याला वाटत होतं, ते बसलेत."

"हो."

मानसी दारातून बाजूला झाली.

"माझ्या कपाटात त्याचे कपडे तसेच आहेत. मी अजून रडून घेतलेलं नाही, त्याची चूक होती की नव्हती हे ठरेना म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला माफ करण्याचं वगैरे मला आज विचारू नका."

"ते विचारायला नाही आले."

"मग आत या. बाबा आत आहेत. जे मला सांगितलं ते त्यांना सांगा."

आतल्या खोलीत दगडू इंगळे लोखंडी खाटेवर ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा, मिशा पांढऱ्या. मानसीनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि उर्वीकडे बोट दाखवलं.

उर्वी त्यांच्यासमोर खाली बसली. "बाबा, ज्ञानदीप भाऊंची चूक नव्हती," ती म्हणाली. "स्विच मी चालू केला."

म्हाताऱ्यानं कानामागे तळवा धरला. "काय?"

"तोफखान्यात होते ते," मानसी म्हणाली. "कान गेलेत. असं नाही ऐकू येणार. जोरात सांगावं लागेल."

दार उघडं होतं. ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले होते. उर्वीनं एकदा दाराकडे पाहिलं. मानसी ते लावायला गेली नाही, आणि उर्वीनंही लावा म्हटलं नाही.

ती गुडघ्यांवर सरकून त्यांच्या कानाजवळ गेली, आणि ओरडून सांगू लागली.